मार्चएण्ड आणि उपवासकाळ

बांधकाम खात्यात काम करणाऱ्याला मार्च महिना म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. वर्षभर रेंगाळलेली कामं, राहिलेली मोजमापं, अडकलेली बिलं, सगळं 31 तारखेच्या आत उरकायचं, नाहीतर निधी परत जातो. टक्केवारीचे हिशेबही याच गडबडीत पुरे होतात. आणि आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ, भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा, दरवर्षी याच दिवसांच्या आसपास येतो. सकाळी प्रार्थनेत मनाला आवर घालायचा आणि नंतर ऑफिसात जाऊन बसायचं ते नेमकं पाकिटांच्या हंगामात. मी कनिष्ठ अभियंता म्हणून नोकरीला लागले तेव्हापासून ही दोन्ही सोबतच येत आली आहेत. पण 2024 साली ती जशी समोरासमोर आली तशी आधी कधी आली नव्हती. त्या वर्षी ईस्टरचा रविवारच 31 मार्चला होता.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष म्हणून आपला अनुभव सांगताना हे मी थोडक्यात सांगितलं होतं. उपासनेनंतर तरुण संघातली मुलं थांबली आणि म्हणाली, ताई, घ्यायचं नाही हे कळतं हो, पण समोर आल्यावर नाही म्हणणं जमतं कसं, तेवढं सांगा. त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली. त्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या मुलींमध्ये माझी पणजी होती. घरात शिक्षक आणि नर्सेस भरपूर, इंजिनिअर मी पहिली. नेमणुकीचं पत्र आलं त्या संध्याकाळी पप्पांनी कौटुंबिक प्रार्थनेत लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढला. यार्देनेच्या काठी बाप्तिस्मा घ्यायला जकातदार येतात आणि योहानाला विचारतात, गुरुजी, आम्ही काय करावं? जकातदार म्हणजे रोमी सरकारसाठी वसुली करणारे, लोकांच्या लेखी चोरच. योहान त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. नेमून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, इतकंच सांगतो. मग शिपाई विचारतात. त्यांना म्हणतो, जुलूम करू नका, पगारात समाधान माना. पप्पांनी एवढं वाचलं, वर काही बोलले नाहीत, प्रार्थना करून उठले. पुढे मला त्या अध्यायाचा फार आधार झाला. कारण ‘असल्या खात्यात राहून सचोटी जमायची नाही, दुसरं काहीतरी बघ’ असं म्हणणारे आमच्या लोकांतही आहेत. मला ते पटत नाही. मग रस्ते मोजायचे कोणी?

लांबून पाहणाऱ्याला वाटतं, लाच म्हणजे कोणीतरी मागतो आणि कोणीतरी देतो. प्रत्यक्षात फारसं कोणी मागतही नाही. पद्धत बसलेली असते, बिल पास झालं की ज्याचं त्याला पोचतं. नाही म्हणणाऱ्याला विशेष त्रासही देत नाहीत. त्याचा वाटा दुसरीकडे जातो, एवढंच. सुरुवातीची वर्षं माझी तशीच गेली. मला नको म्हटलं की लोक हसायचे आणि विषय संपायचा. पण त्या वर्षी मला पैशांची खरोखर गरज होती. पप्पांचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी सांध्याचं ऑपरेशन सांगितलं होतं, आणि ते रात्री कूस बदलताना कण्हायचे ते भिंतीपलीकडे मला ऐकू यायचं. घराच्या कर्जाचे हप्ते चालू होते. मत्तय लिहितो की चाळीस दिवसांच्या उपासानंतर प्रभूला भूक लागली आणि तेव्हा परीक्षक जवळ आला. भूक लागायच्या आधी आला नाही. लहानपणापासून वाचलेली ही ओळ मला त्या वर्षी समजली.

14 फेब्रुवारीला भस्म बुधवार होता. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, यंदा चहा सोडला, मटण सोडलं, हे राहू द्या. तुम्हाला ज्याची भीती वाटते तो मोह देवापुढे नाव घेऊन सांगा. मी कागदावर आधी ‘लोभ’ असं लिहिलं. मग वाटलं, हे तर कोणीही लिहील. ते खोडून मी एका गावातल्या काँक्रीट रस्त्याचं नाव लिहिलं. त्या रस्त्याचं बिल मार्चअखेर माझ्या टेबलावर येणार होतं आणि कामाबद्दल माझ्या मनात शंका होती. तो कागद मी दोन माणसांना दाखवला: एक माझे मिस्टर, आणि दुसऱ्या आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्स, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो. एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं याकोबानं लिहून ठेवलं आहे. आपण ते पाप घडून गेल्यावर करतो. मोह अजून दाराशी यायचा आहे तेव्हाच सांगितलं तर सांगताना शरम कमी वाटते आणि ऐकणाऱ्याला काही करता येतं. मावशींनी ठरवून टाकलं, दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे यायचं, आणि त्या दोन प्रश्न विचारणार. घेतलंस का? आणि न घेता कोणाला कमी लेखलंस का?

दुसरा प्रश्न मला आधी फालतू वाटला होता. पण घेणाऱ्या सहकाऱ्यांमध्ये बसून काम करायचं, त्यांच्यातल्या एकाची मुलगी डायलिसिसवर आहे हे माहीत असायचं, आणि मनात मात्र ‘मी यांच्यासारखी नाही’ असं चालायचं, याची चटक फार लवकर लागते. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, धर्मनियम काटेकोर पाळणारा, मंदिरात जकातदाराकडे बघत उभा राहून हेच तर म्हणतो. मावशी मला म्हणाल्या, “तू बसलीस जकातदाराच्या खुर्चीत, प्रार्थना तरी त्याची कर. देवा, मज पाप्यावर दया कर, एवढीच.” त्या उपवासकाळात मी रोज बसमध्ये तेवढीच प्रार्थना केली. लांबलचक प्रार्थना मला सुचतच नव्हत्या.

आता रस्त्याचं सांगते. गावातल्या काँक्रीट रस्त्याची जाडी अंदाजपत्रकात 150 मिलिमीटर होती, म्हणजे सहा इंच. जुनी युक्ती अशी असते की दोन्ही कडांना पूर्ण जाडी द्यायची आणि मधला पाया जरा उंच ठेवायचा. कडेला टेप लावली की बरोबर सहा इंच भरतात, आणि काँक्रीट वाचतं ते पोटात. मजबुती तपासायचे क्यूबही, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, व्यवस्थित असतात, कारण लॅबला पाठवायचे क्यूब वेगळा माल घालून भरता येतात. खरं काय ते कोअर, म्हणजे रस्त्यातून आरपार कापलेला काँक्रीटचा गोल तुकडा, काढल्यावरच कळतं. मी मशीन मागवून रस्त्याच्या मध्यातून कोअर काढायला लावले. पहिला बाहेर आला तो पाण्यानं निथळत होता, बुडाला मुरूम चिकटलेला. पाण्यानं धुऊन टेप लावली. 105. पुढचे कोअरही त्याच्याच आसपास.

ठेकेदार समोर होते. वाईट माणूस नाही. गावात अडीअडचणीला धावतात, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. ते नरमाईनं म्हणाले, “मॅडम, कडा बघा ना, कडेला भरलाय. मधे जरा जमीन उंच निघाली. एमबीला दीडशे लागू द्या, बाकीचं मी बघतो.” एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका.

दोन दिवसांनी ते घरी आले. सफरचंदं, मोसंबी घेऊन. पप्पांशी गप्पा मारल्या, त्यांच्या हातून शिकलेल्या कोणाकोणाची आठवण काढली, गुडघा दाबून पाहिला. निघताना दारात मला म्हणाले, “गुरुजींच्या गुडघ्याचं माझ्यावर सोडा ताई. पुण्यात आपले डॉक्टर आहेत. तुम्ही फक्त तारीख सांगा.” पाकीट नाही, रक्कम नाही, अट तर नाहीच नाही. मला कायदा ठाऊक होता. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली सुधारणा झाली तेव्हापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, आणि 1064 हा लाचलुचपत विभागाचा नंबर तर आमच्या ऑफिसच्या भिंतीवरच आहे. पण फोन करून सांगणार काय? एका माणसानं माझ्या वडिलांची चौकशी केली, हे?

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या रात्रीचं नीट लिहायला हवं, कारण माझ्या मते सगळा मामला तिथेच असतो. मला वाटलं होतं की मन म्हणेल, घे, काय होतंय, सगळे घेतात. तसं ते बोललंच नाही. ते फार शहाण्यासारखं बोललं. टेप कोअरला सरळ लागली होती का? तोडताना बुडाचा थोडा भाग आतच राहिला नसेल कशावरून? गावातल्या रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जाणार, सहा इंच हवेतच कशाला? पहाटेपर्यंत 105 हा आकडा, जो मी स्वतःच्या डोळ्यांनी टेपवर वाचला होता, तो मला संशयास्पद वाटायला लागला. लाच डोळसांना आंधळे करते, असं निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. मी ते नेहमी असं समजत आले की घेतल्यावर माणूस आंधळा होतो. मी तर अजून काही घेतलंही नव्हतं. नुसती आशा दाखवली होती, तेवढ्यानं माझी दृष्टी अधू व्हायला लागली.

उठून मी बायबल उघडलं आणि दुसऱ्या राजेमधला पाचवा अध्याय वाचला, गेहजीचा. अरामी सेनापती नामान कोडातून बरा होतो आणि त्याला बरं करणाऱ्या अलीशा संदेष्ट्याला चांदी, सोनं, उंची वस्त्रं देऊ करतो. अलीशा शपथ घेऊन नाकारतो. त्याचा चाकर गेहजी मात्र मागून धावत जातो आणि सांगतो, एफ्राइमच्या डोंगराळ प्रदेशातून दोन गरजू तरुण आलेत, त्यांच्यासाठी थोडं द्या. स्वतःसाठी मागत नाही तो, गरजूंच्या नावानं मागतो. परत आल्यावर अलीशा विचारतो, गेहजी, कुठून आलास? तो म्हणतो, तुमचा दास कुठेच गेला नव्हता. मी तिथे पुस्तक मिटलं. माझ्याही घरी गरजू होते, आणि माझं गाऱ्हाणं गेहजीसारखं खोटंही नव्हतं. म्हणूनच ते जास्त धोक्याचं होतं.

पौल करिंथकरांना लिहितो की देव परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करतो. मला तो उपाय मोजमाप पुस्तिकेच्या रूपानं मिळाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: एमबीची पानं छापील क्रमांकाची असतात. पान फाडता येत नाही, खोडरबर चालत नाही. आकडा बदलायचाच तर रेघ मारून, नवा लिहून, शेजारी सही करावी लागते, आणि ती रेघ कायम दिसते. शिपाई कुलूप काढत होता तेव्हा मी ऑफिसात पोचले. कपाटातून एमबी काढली, पप्पांचं नाव घेऊन प्रार्थना केली, देवा त्यांचं तूच बघ म्हटलं, आणि प्रत्येक कोअरची जाडी साखळी क्रमांकासकट, म्हणजे रस्त्यावर तो कुठे काढला त्या अंतरासकट, शाईच्या पेनानं लिहून खाली सही केली. चहा यायच्या आत झालं. डोकं शांत झाल्यावर लिहू, साहेबांशी बोलून लिहू, असं म्हटलं असतं तर लिहिलं असतं की नाही, मला सांगता येत नाही.

तरुण संघाच्या मुलांना मी पहिली गोष्ट हीच सांगते. पोटीफराच्या बायकोनं वस्त्र धरलं तेव्हा योसेफ वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून बाहेर पळाला. मोहाशी बोलत बसू नका, तो आपल्यापेक्षा हुशार असतो. परतीची वाट बंद होईल असं काहीतरी हातानं करून टाका, आणि लगेच करा.

एवढ्यानं संपेल असं मला वाटलं होतं. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, नवीन कामं थांबली, तशी चालू बिलांसाठी आणखी घाई सुरू झाली. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, उपासनेनंतर कळलं की भाऊंनी आमच्या देवळाला, म्हणजे चर्चला, पत्रे द्यायचं कबूल केलंय. आमचं देऊळ जुनं, पावसाळ्यात वेदीच्या डाव्या अंगाला बादली ठेवावी लागते. पूर्ण छताचे पत्रे, मजुरीसकट, आणि तेही पावसाच्या आत. लोक आनंदात होते. एका आजींनी माझा हात धरून म्हटलं, देवानं बघ कसं परक्याच्या मनात घातलं.

पप्पांच्या गुडघ्याच्या वेळी मी हलले होते, पण या वेळी मला खरी भीती वाटली. सैतान प्रभूला मंदिराच्या शिरोभागी नेतो आणि तिथे स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवतो. दुसरी परीक्षा देवाच्या घरावर आणि देवाच्याच शब्दांत होते, हे मी किती वेळा ऐकलं होतं, आणि ती एक दिवस पत्र्यांच्या रूपात येईल असं कधी मनात आलं नव्हतं. माझ्या एमबीला भाऊंनी हात लावला नव्हता. फक्त आता माझ्या आकड्यावर सगळ्या मंडळीचं छत टांगलेलं होतं. नवीन मोजणी मागवून दीडशे लिहिणं अजूनही शक्य होतं, आणि त्याला लोक मंडळीची सेवा म्हणाले असते.

मी पाळकसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाले, “त्यांचं बिल निकालात निघेपर्यंत त्यांचा एक खिळाही घेता येणार नाही. मी सांगतो त्यांना.” त्यांनी सांगितलंही, आभार मानून, कारण न देता. कारण मात्र दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. कमिटीतले एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले की तुमच्या एका आकड्यापायी मंडळीचं नुकसान झालं. ज्यांच्या मांडीवर बसून मी येशूच्या गोष्टी ऐकल्या त्यांनी असं म्हणावं, हे ठेकेदाराच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जड गेलं. तो शुक्रवार उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, होता. मार्चएण्डसाठी ऑफिस चालू, साहेबांचे फोन चालू, मी रजा टाकून बारा ते तीनच्या उपासनेला बसले. वधस्तंभावरचे सात उद्गार एकेक करून वाचले जात होते आणि मला फक्त चौथा ऐकू आला, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. मी फार रडले. मावशी शेजारी होत्या, त्यांनी गप्प केलं नाही.

तिसरी परीक्षा म्हणाल तर ती साहेबांच्या फोनवरच झाली. बिल काढून दे, पुढच्या वर्षी शहरालगतचं सेक्शन तुला. त्यात मला ओढ वाटली नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही.

31 मार्चला रविवार असूनही सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार उघड्या होत्या. ऑफिसातले लोक शेवटची बिलं घेऊन पळत होते. आम्ही पहाटे अंधारात कंदील आणि मेणबत्त्या घेऊन, रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं म्हणत देवळाला फेरी घातली. त्या रस्त्याचं बिल त्या वर्षी निघालं नाही. निवडणुकीनंतर मधला पट्टा फोडून पुन्हा करावा लागला आणि मगच पैसे मिळाले. माझ्याकडून साईट काढून मला अंदाजपत्रकांच्या टेबलावर बसवलं. पप्पांचं एका गुडघ्याचं ऑपरेशन पतसंस्थेचं कर्ज काढून त्या डिसेंबरात झालं. दुसरा अजून राहिलाय. कोणी मला विचारतं, देवानं मग तुला काय दिलं? त्याच्याकडून मी काही मागून घेतलं नव्हतं, आणि काही मिळालं नाही म्हणून तो सौदा फसला असंही नाही.

पप्पांना हे सगळं मी ऑपरेशननंतर सांगितलं. ते बराच वेळ पडून राहिले आणि एकदम म्हणाले, “अगं, त्या दिवशीची फळं आपण खाल्ली की!” दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या मिस्टरांना बाजारात पाठवून तेवढीच सफरचंदं आणि मोसंबी आणवली आणि भाऊंच्या घरी पोचती करायला लावली. भाऊंनी ती घेतली, चहा पाजला, गुडघ्याची चौकशी केली. पत्रे मंडळीनं पुढच्या उन्हाळ्यात वर्गणी काढून घातले.

आता माझ्याकडे पुन्हा साईट आली आहे. 2026 चा भस्म बुधवार 18 फेब्रुवारीला होता, ईस्टर 5 एप्रिलला, म्हणजे मार्चएण्ड यंदाही उपवासकाळातच सापडला. मावशींकडच्या शुक्रवारी आम्ही आता चारपाच जण असतो. त्यात एक तरुण तलाठी आहे. त्याला माझ्यासारखा एका महिन्याचा हंगाम नाही. फेरफार, वारसनोंद, सातबारा, त्याच्या टेबलावर मोह बारा महिने येतो आणि बहुतेक वेळा तो भावाभावांच्या भांडणातून येतो. मोजमाप पुस्तिकेसारखी सोयही त्याच्याकडे नाही. त्याला गेहजी फारसा लागू पडत नाही, म्हणून सध्या त्याच्यासाठी आम्ही पहिल्या राजेमधला एकविसावा अध्याय घेतला आहे: नाबोथाचा द्राक्षमळा, अहाबाला तो हवा होता तो, आणि इज्रेलातले ते वडीलधारे, ज्यांनी राणीचं पत्र आल्याबरोबर सांगितलं तसं करून नाबोथाला खोट्या आरोपावर मारून टाकलं.